एकवीस गिअरच्या स्टिकरवर जाऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास सायकलच्या दुकानात शिरणाऱ्या बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न 'किती गिअरची?' हाच असतो. फ्रेमवर २१ चा स्टिकर दिसला की सौदा अर्धा पटतो. पावसाळा सरेपर्यंत तीच सायकल खडखडत दुकानात परत येते आणि 'गिअर हलका निघाला, नवा टाका' असा निकाल लागतो. आमच्या मते दोन्ही वेळा नेम चुकतो. आकडा बघून सायकल घेण्यात अर्थ नाही. आणि स्वस्त सायकलीचे गिअर नीट पडेनासे झाले, तर बहुतेक वेळा दोष मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा, नसतोच; तो तार, आउटर (तारेवरचे आवरण) आणि हँगर (डिरेलर धरणारा फ्रेमचा कान) या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत असतो. नवा डिरेलर त्याच वाकड्या हँगरवर आणि त्याच गंजक्या तारेला बांधला, की महिन्याभरात पुन्हा तेच.

आधी आकड्याचा हिशेब. पुढे पेडलपाशी ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चेनव्हील आणि मागच्या चाकाला १४, १६, १८, २०, २२, २४, २८ दात्यांच्या सात चकत्यांचे फ्रीव्हील, ही २१ गिअरवाल्यांची नेहमीची जोडणी. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फेरे घेते ते कळते. २४ ला १६ ने भागले तरी दीड आणि ४२ ला २८ ने भागले तरी दीडच. २४-१४ चे १.७१, ३४-२० चे १.७० आणि ४२-२४ चे १.७५; या तिघांतला फरक पायाला कळत नाही. ३४-१८ आणि ४२-२२ यांचेही तेच, ३४-१६ आणि ४२-२० यांचेही तेच. अशी जुळी वजा केली की खरोखर वेगळे गिअर तेराच्या आसपास उरतात. त्यातून पुढे मोठे-मागे मोठी आणि पुढे लहान-मागे लहान या जोड्यांत चेन तिरकी चालते, घासते आणि लवकर झिजते. त्या जोड्या सोडल्या तरी काही बिघडत नाही, कारण जवळपास तेच गिअर मधल्या ३४ च्या चेनव्हीलवर मिळतात.

विचारायचेच तर पल्ला विचारा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर धरला, तर वरच्या जोडणीत सर्वांत हलक्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७६ मीटर जाते आणि सर्वांत जड गिअरला ६.१५ मीटर. आता पुढे ३४ चे एकच चेनव्हील आणि मागे १४ ते ३४ चे फ्रीव्हील धरा. पल्ला होतो २.०५ ते ४.९८ मीटर. शाळेला, क्लासला, गावातल्या चढाला तेवढा पुरतो. शिवाय पुढचा डिरेलर, त्याची तार आणि डावा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) या तिन्ही कटकटी मुळातच जातात. सात गिअरची साधी सायकल आणि दोन्हीकडे स्प्रिंगचे शॉकअप असलेली २१ गिअरची जड सायकल एकाच किमतीत मिळत असेल, तर आम्ही डोळे झाकून पहिली घ्यायला सांगतो. गाव सपाट असेल तर बिनगिअरचीच बरी. ज्याला रोज घाट चढायचा आहे, त्याला मात्र पुढे तीन चेनव्हील लागतात.

दुकानात सायकल पारखताना मागून बघा. उकिडवे बसा आणि डोळा चकत्यांच्या पातळीवर आणा. डिरेलरच्या दोन पुल्या एकीखाली एक, उभ्या सरळ रेषेत आणि चकत्यांना समांतर दिसल्या पाहिजेत. खालची पुली स्पोककडे झुकली असेल तर हँगर वाकलेला आहे. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या उजव्या टोकाला खाली उतरलेला कान, ज्याच्या आट्यांत डिरेलर बसतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की मार थेट त्याच्यावर येतो. खोक्यातून घरपोच येणाऱ्या सायकलींचा हँगर तर वाटेतच वाकलेला असू शकतो, कारण त्यावरचा डिरेलर त्या बाजूला बाहेर आलेला असतो. शाळेच्या स्टँडवर एक सायकल कलंडली की सगळी रांग पडते, तेव्हाही हेच. सायकल आडवी ठेवायची वेळ आलीच तर डाव्या कुशीवर ठेवावी.

मग डिरेलरचा खालचा भाग बोटांत धरून आडवा हलवा. सांधे खिळखिळे असतील तर हाताला लगेच कळते. शेजारच्या दुसऱ्या नव्या सायकलीशी ताडून बघा. इथे एक खबरदारी: शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये वरची पुली मुद्दाम थोडी आडवी सरकेल अशी बनवलेली असते, म्हणजे ती स्वतःहून चकतीखाली येते. तो ढिलेपणा दोष नव्हे. चिंता करायची ती सांध्यांच्या ढिलेपणाची आणि मंद स्प्रिंगची. डिरेलर हाताने आत ढकलून सोडा. तो झटक्यात परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर ठेवून द्या. शिमानोचा टूर्नी हा सर्वांत खालच्या पायरीचा संच असला तरी नीट लावला तर तक्रारीला फारशी जागा देत नाही. बिननावाच्या नकलांत मात्र स्प्रिंग मंद आणि पुल्यांचे प्लॅस्टिक मऊ, असा माल बराच असतो. 'शिमानो गिअर' असे सांगितले तर शिफ्टर, डिरेलर आणि फ्रीव्हील तिन्हींवरची नावे वाचा. अनेकदा नाव फक्त डिरेलरवर असते.

आता तारेकडे, कारण खरी मेख तिथे आहे. शिमानोने १९८४ मध्ये शिफ्टरमध्येच खाचा दिल्या. एका टिचकीला एक चकती. शिफ्टरवर 'एसआयएस' अक्षरे दिसतात ती याचीच. त्याआधी चालवणारा कानाने आणि हाताने गिअर जुळवून घेई, त्यामुळे तार थोडी ढिली असली तरी चाले. आता चालत नाही. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये एका चकतीपासून दुसरीचे अंतर ५ मिमी असते. शिफ्टर एका टिचकीला सुमारे २.९ मिमी तार ओढतो आणि डिरेलर ती ओढ १.७ पट करतो. म्हणजे वाटेत आउटर १ मिमी जरी दबला, तरी पुली १.७ मिमी चुकते, चकत्यांमधल्या अंतराचा एकतृतीयांश. यावर महागडा डिरेलरही काही करू शकत नाही.

म्हणूनच गिअरचा आउटर ब्रेकच्या आउटरपेक्षा वेगळा असतो. गिअरचा ४ मिमी जाड, आत सरळ उभ्या तारा, त्यामुळे लांबीत दबत नाही. ब्रेकचा ५ मिमी, आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. घाईत ब्रेकचा आउटर गिअरला लावला की टिचकी कधी जुळतच नाही. उलट चूक तर जीवघेणी: ब्रेकच्या जोराखाली गिअरचा आउटर फाटू शकतो. आतली तारही वेगळी, गिअरची साधारण १.२ मिमी, ब्रेकची १.५ किंवा १.६. आउटर पक्कडीने कापू नये. तोंड चेमटते, आतल्या तारा बाहेर येतात आणि टोपी नीट बसत नाही. केबल कटरने कापा, तोंड कानसीने सपाट करा, आतली प्लॅस्टिकची नळी टोच्याने मोकळी करा आणि दोन्ही टोकांना टोप्या घाला.

डिरेलरपाशी आउटरचा जो शेवटचा वळसा असतो तो फार लहान ठेवला तर तार मुडपते, फार मोठा ठेवला तर उगाच घासते. बाजारात भरून येणाऱ्या सायकलींवर तो बहुधा मोठाच असतो. पावसाचे पाणी आणि मागच्या चाकाचा चिखल साठतो तोही इथेच.

लावायची पद्धत सांगतो. सायकल स्टँडवर किंवा मागचे चाक उचलून धरलेले असावे. प्लस पेचकस, एलन की किंवा पाना, एवढ्यात काम होते. हँगर सरळ आहे याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये; वाकड्या हँगरवर कितीही स्क्रू फिरवले तरी एक बाजू जुळते आणि दुसरी सुटते.

चेन सर्वांत लहान चकतीवर आणा आणि तार बोल्टातून सोडून द्या. डिरेलरवर एच आणि एल असे दोन स्क्रू असतात. बिननावाच्या मालावर अक्षरे नसली तर एक स्क्रू फिरवून पुली हलते का बघा; हलली तर तो एच. एच हा लहान चकतीकडची हद्द ठरवतो. मागून बघताना वरची पुली सर्वांत लहान चकतीच्या बाहेरच्या कडेखाली आली पाहिजे. मग पेडल फिरवत डिरेलर हाताने आत ढकलून चेन मोठ्या चकतीवर चढवा आणि एल असा ठेवा की पुली मोठ्या चकतीच्या बरोबर खाली थांबेल, त्याच्या आत एक केसही नाही. एल ढिला राहिला तर चेन स्पोकमध्ये जाते, डिरेलर चाकात ओढला जातो, हँगर तुटतो आणि चालवणारा तोंडावर पडतो. चकत्यांमागची प्लॅस्टिकची गोल तबकडी दिसायला वाईट म्हणून काढून टाकतात. मुलांच्या सायकलीची तरी काढू नका.

या दोन स्क्रूंचे काम इथे संपले. गिअर नीट पडत नाही म्हणून कुणी पेचकस घेऊन थेट एच-एल फिरवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. हे स्क्रू फक्त दोन टोकांच्या हद्दी राखतात; मधल्या पाच चकत्यांशी त्यांचा काही संबंध नाही. स्वस्त सायकलींचे जेवढे वाटोळे या दोन स्क्रूंनी होते तेवढे घाटानेही होत नाही.

आता शिफ्टर सर्वांत लहान चकतीच्या आकड्यावर आणा, अ‍ॅडजस्टर (आउटरच्या टोकाशी असलेला, तारेचा ताण कमीजास्त करणारा फिरता स्क्रू) पूर्ण आत घालून एक-दोन फेरे बाहेर काढा, तार हाताने ओढून सरळ करा आणि बोल्ट आवळा. बोल्टाखालच्या वॉशरला तारेसाठी खाच असते. तार त्या खाचेतच बसली पाहिजे. चुकीच्या बाजूने गेली तर बोल्टापाशी पकडीचे अंतर बदलते आणि प्रत्येक टिचकीला थोडी चूक साचत जाते. ही चूक शोधायला अवघड, कारण बाकी सगळे बरोबर दिसते.

एक टिचकी द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला रेंगाळली तर तार ढिली आहे. अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, बाहेर यायच्या दिशेने, पाव फेरा फिरवा. इथे अनेकांचा घोटाळा होतो: अ‍ॅडजस्टर ढिला केल्यासारखा दिसतो, पण तार ताणली जाते. अ‍ॅडजस्टरच्या एका फेऱ्यात तार साधारण ०.८ मिमी ओढली जाते, म्हणजे पाव फेऱ्याला पुली जेमतेम ०.३४ मिमी सरकते. म्हणून पाव-पाव फेराच द्यावा आणि दर वेळी पेडल फिरवून ऐकावे. शिमानोची पद्धत सोपी आहे. चेन दुसऱ्या चकतीवर असताना शिफ्टरचा खटका न पडेल इतपत दाबून धरा. चेन तिसऱ्या चकतीला हलकेच लागून आवाज आला पाहिजे. सोडल्यावर आवाज बंद झाला पाहिजे. एवढे जमले की उरलेल्या चकत्या आपोआप जुळतात. शेवटी वरची पुली आणि मोठी चकती यांत ५-६ मिमी अंतर आहे का बघा. त्यासाठीचा वेगळा स्क्रू असला तर तो फिरवा. अगदी साध्या टूर्नीवर तो नसतोही.

बिघाड ओळखायला आम्ही एवढेच बघतो की गिअर कोणत्या दिशेला अडतो. मोठ्या चकतीकडे चढायला अडत असेल तर तार ढिली. चढताना ठीक, पण लहानकडे उतरताना रेंगाळत असेल, तर अ‍ॅडजस्टर आत घालण्याआधी तार आउटरमध्ये घासते का बघा. चढताना बोटाचा जोर असतो, उतरताना फक्त डिरेलरची स्प्रिंग. गंजावर ती मात करू शकत नाही. पावसाळ्यानंतरच्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त. उपाय असा: चेन मोठ्या चकतीवर आणा, पेडल थांबवा आणि न फिरवता शिफ्टर लहान आकड्यापर्यंत खाली आणा. तार ढिली पडते आणि फ्रेमवरच्या फटीच्या आधारांतून आउटर बाहेर निघतो. तो सरकवून उघडी पडलेली तार पुसा. गंज असेल, धागा सुटला असेल तर तार आणि आउटर दोन्ही बदला; संपूर्ण गिअरमधला सर्वांत स्वस्त भाग हाच आहे. फक्त आउटरवर ऑइल ओतून काही होत नाही.

लहान चकत्यांवर ठीक आणि मोठ्यांवर खडखड, किंवा उलट, असे असेल तर हँगर वाकलेला किंवा फ्रीव्हील चुकीचे. सहा चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चकत्यांचे अंतर ५.५ मिमी असते. ते सातच्या शिफ्टरवर लावले तर पाच टिचक्यांत २.५ मिमी चूक साचते, म्हणजे जवळपास अर्ध्या चकतीची. जोर दिल्यावर चेन टकटक सुटत असेल तर तो तारेचा प्रश्नच नव्हे, झीज मोजा. नव्या चेनच्या २४ अर्ध्या कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायची वेळ जवळ आली. अष्टमांश इंच वाढल्यावर बहुधा फ्रीव्हीलही गेलेले असते आणि एकटी नवी चेन त्यावर टिकत नाही, ती सुटू लागते.

हँगर सरळ करायला मोजपट्टीसारखे खास अवजार मिळते. ते नसेल तर जुनी युक्ती आहे. क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, खटका उघडून निघणाऱ्या) मागच्या चाकाचा एक्सल १० मिमीचा, १ मिमीच्या आट्यांचा असतो आणि हँगरचे आटेही तेच. डिरेलर काढून असे एक सरळ, सुटे चाक हँगरमध्ये फिरवून बसवा आणि दोन्ही रिममधले अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही ठिकाणी ४ मिमीच्या आत फरक असेल तर सोडून द्या. लोखंडी हँगर परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा एकदा जपून करता येतो. दुसऱ्यांदा वाकला तर तडा शोधा. सुट्या पट्टीचा हँगर मागच्या नटाखाली धरलेला असतो, त्यामुळे पंक्चर काढून चाक बसवताना नट अर्धवट आवळला की पट्टीच फिरते आणि सगळे बिघडते. गाऱ्हाणे येते 'पंक्चरवाल्याने गिअर खराब केला', आणि ते खरेही असते.

चढाला पाय जोरात मारणाऱ्यांनी मागचा एक्सलही बघावा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, फ्रेमपासून लांब बसतात. मधला एक्सल आधाराशिवाय राहतो आणि वाकतो. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक डुलत असेल तर वाकला. कॅसेटच्या, म्हणजे चकत्या हबवरच सरकवून बसवायच्या प्रकारच्या, हबमध्ये छर्रे बाहेर असतात, म्हणून हा त्रास कमी. फ्रीव्हील स्वतः थोडे डुलणे स्वस्त मालात चालते.

पुढच्या डिरेलरबद्दल थोडक्यात: पिंजऱ्याची (चेन ज्यातून जाते त्या चौकटीची) बाहेरची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांवर १ ते ३ मिमी आणि चेनव्हीलला समांतर. आतली हद्द लावताना चेन पुढे लहान-मागे मोठी, बाहेरची लावताना पुढे मोठे-मागे लहान. पट्टी आणि चेन यांत अर्धा मिमीहून जास्त फट नको. इथेही बिघाडाचे मूळ बहुधा पिंजरा तिरका बसलेला असणे, स्क्रू नव्हे.

नवी सायकल लावली तरी पहिल्या काही आठवड्यांत गिअर पुन्हा सुटतो. तार ताणली जाते असे सगळे म्हणतात. तार फारशी ताणत नाही. आउटरची टोके टोप्यांत आणि आधारांत बसतात. अ‍ॅडजस्टरचे एक-दोन पाव फेरे दिले की काम होते, पाच मिनिटांचे. दुकानदारांना आमची विनंती आहे की ही दुसरी जुळवणी फुकट करून द्या आणि तसे बिलावर लिहा. कारखानदारांनी स्टिकरवर २१ छापण्याऐवजी चकत्यांचे दाते, फ्रीव्हील की कॅसेट, आणि हँगर सुटा की फ्रेमचाच, एवढे तीन शब्द छापावेत. सुट्या हँगरचा नमुना तर हजार आकारांत येतो. तुटल्यावर जुळणारा शोधण्यापेक्षा सायकलबरोबर एक जादा हँगर द्यावा. आम्ही तरी गिऱ्हाइकाला तो पहिल्याच दिवशी मागून घ्यायला सांगतो.

कळावे,
आपले,
सायकल दुरुस्ती करणारे दोघे, सातारा